आपलंच ऑफिस

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या फायनान्स कंपनीच्या दारातलं हजेरीचं मशीन शरयूचा अंगठा घेईना. तिने अंगठा ओढणीला पुसला, पुन्हा टेकवला. पुन्हा लाल दिवा. मागे रांगेत उभी असलेली मंडळी चुळबुळायला लागली, तसा दारावरचा गार्ड उमाजी जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मशीन खराब नाही. तुमचं नाव काढलंय त्यातून. साहेबांनी तुम्हाला सीधं केबिनमध्ये बोलावलंय."

दोन लेकरांना डेंग्यूतून उठवून ही बाई कामावर आली होती. डोळ्यांखाली काळं पडलेलं, वेणी कशीबशी घातलेली, डब्यात घाईघाईने कोंबलेली पोळी-भाजी. मुलांजवळ आज सासूबाई बसल्या होत्या, त्याही मुरैन्याहून पहाटेच्या बसने आलेल्या. एवढी सगळी धडपड करून ती दारात पोचली, तर दारच तिला ओळखेना. तिला संताप आला.

एवढ्याशा गोष्टीचा एवढा काय राग, असं कुणाला वाटेल. त्याने आधी शरयू आणि तिचे साहेब यांचं काय नातं होतं ते ऐकावं. नातंच म्हणायचं, कारण साहेबांचा स्वतःचाच शब्द तो.

साहेब म्हणजे लक्ष्मीकांत, शाखेचे मॅनेजर. घराणं जुनं. पूजाअर्चेसाठी दक्षिणेतून ग्वाल्हेरला आणलेलं, एके काळी दरबारात मानाने बसलेलं, आणि आता सिटी सेंटरजवळच्या कॉलनीत बंगला बांधून राहणारं. त्यांच्या आई उषाताई मराठी महिला मंडळाच्या अध्यक्ष. शरयूचं माहेर बिर्ला नगरातलं. तिच्या घराण्यात घोडदळातले स्वार होऊन गेले म्हणे, पण तिने पाहिला तो गिरणीत मागावर उभा राहणारा बाप, पांडुरंगराव. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी नई सडकेवर एका कापडाच्या दुकानात थानं उलगडण्यात उरलेलं आयुष्य काढलं. दुकान मराठी माणसाचं होतं. पगार किती, सुट्टी किती, पांडुरंगरावांनी कधी विचारलं नाही. हिंदी मुलखात चार घरं आपली, त्यांच्याशी काय कागदावर बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी दुकान मालकाच्या मुलाच्या हाती गेलं आणि मुलाने पांडुरंगरावांना एक शाल देऊन घरी बसवलं. ती शाल ते कौतुकाने सगळ्यांना दाखवत. शरयूला तेव्हाच राग यायला हवा होता. तो आला नाही, उलट बापाचंच वळण तिने उचललं.

गणेशोत्सवात मंडळाच्या स्वयंपाकघरात उषाताईंनी तिला पाहिलं. हात चपळ, तोंड बंद, बी.कॉम. पास. "आमच्या लक्ष्मीकांतला ऑफिसात आपली मुलगी हवीच आहे," असं म्हणून त्यांनी नोकरी लावून दिली. शरयूने त्यांना वाकून नमस्कार केला. तिचा नवरा राघव मालनपूरला एका कारखान्यात पाळीवर जातो. ठेकेदाराकडची नोकरी, एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी त्या जागेवर दुसरा माणूस उभा. त्यामुळे घर चालायचं ते शरयूच्या पगारावर, आणि म्हणून तो नमस्कार अगदी मनापासूनचा होता.

त्या नमस्काराची वसुली मात्र संपता संपेना. महालक्ष्म्यांच्या पुरणपोळ्यांना शरयू. सत्यनारायणाच्या प्रसादाला शरयू. पुण्याहून उषाताईंची नणंद आली की तिला किल्ला दाखवायला शरयू. "तू काय परकी आहेस? माझी लेकच तू," उषाताई म्हणायच्या आणि मागोमाग सांगायच्या, "येताना पोरांना आणू नकोस हं, कार्यात पायापायात येतात." शरयू पोरांना शेजारणीकडे ठेवायची आणि दुसऱ्यांच्या घरच्या पुरणात पदर खोचून उभी राहायची.

ऑफिसात लक्ष्मीकांत सगळ्यांशी हिंदीत बोलत. शरयूशीही, चारचौघांत असताना, "शरयू मैडम, वो फाइल लाइए." केबिनचं दार लागलं की मराठी सुरू व्हायची, आवाजात लोणी यायचं. पहिल्या वर्षी तिने सुट्टीसाठी कंपनीच्या पोर्टलवर अर्ज टाकला होता. लक्ष्मीकांतांनी तिला बोलावलं आणि मोबाइलवर तो अर्ज दाखवत हसले. "हे काय गं? मला अर्ज करतेस? दादा म्हणतेस ना मला? तोंडी सांगायचं, मी बघतो. आपलंच ऑफिस आहे." शरयू ओशाळली. आपण घरच्या माणसाचा अपमान केला असं तिला वाटलं. त्यानंतर तिने कधीही अर्ज टाकला नाही.

उषाताईंच्या मोतीबिंदूच्या वेळची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. सूनबाई माहेरी गेलेल्या. लक्ष्मीकांतांनी सकाळीच फोन केला, "आज ऑफिसला नको येऊस. आईजवळ थांब दवाखान्यात. हजेरीचं मी बघतो." शरयू दिवसभर थांबली. डोळ्यात थेंब घातले, हाताला धरून बाथरूमला नेलं, संध्याकाळी घरी पोचवून वरण-भाताचा कुकर लावून मगच निघाली. त्या दिवशीची तिची हजेरी पूर्ण लागली होती. आईजवळ बसणं हे कंपनीचं काम होतं!

आणि मग नवरात्र आलं. ग्वाल्हेरला या दिवसांत घरटी एक डेंग्यूचा रोगी असतो. सकाळी ध्रुवचं अंग तापलं. आठ वर्षांचं पोर, डोळे उघडेना, "आई, डोळ्यांच्या मागे दुखून राहिलं" म्हणत भिंतीकडे तोंड करून पडलं. त्याच संध्याकाळी उषाताईंच्या अंगणात मंडळाचा भोंडला होता आणि खिरापत करायची होती शरयूने. तिने फोनवर सांगून पाहिलं. "अगं, बायकांना कबूल केलंय मी. तासाभराचं तर काम," उषाताई म्हणाल्या. राघव पाळीवरून आला, तशी त्याच्या हातात ओल्या पट्ट्या देऊन शरयू गेली. पाटावरच्या हत्तीभोवती बायका फेर धरून गात होत्या, आणि ती आत उभी राहून डाळ वाटत होती. या जाण्यावरून ती पुढे स्वतःवरच दात-ओठ खाणार होती, पण ते पुढे.

तिथेच, अंगणाच्या कडेला, तिने लक्ष्मीकांतांना गाठलं. "दादा, ध्रुवला ताप आहे. उद्यापासून मला थोडे दिवस सुट्टी लागेल. किती ते सांगता येत नाही."

"विचारतेस काय? पोराला बरं होऊ दे आधी. ऑफिस कुठे पळून जातंय?" ते म्हणाले आणि खिरापतीची वाटी उचलून पाहुण्यांकडे वळले.

ध्रुवच्या प्लेटलेट्स घसरल्या, त्याला ॲडमिट करावं लागलं. तो जरा सावरतो तोच प्रांजलीला ताप भरला. ती पाच वर्षांची. एका खाटेवर दोघं, उशाशी शरयू. लघवी किती झाली, अंगावर पुरळ आलं का, हिरड्यांतून रक्त तर नाही ना, यापलीकडे जगात काही आहे हे ती विसरून गेली. तरीही मध्येच तिने लक्ष्मीकांतांना फोन लावला होता. "मुलगीपण पडली, दादा. अजून थोडे दिवस." ते घाईत होते. "हो हो, ठीक आहे, सांभाळ," म्हणाले. त्या "सांभाळ"वर विसंबून ती बसली.

तर असं हे नातं. आणि आता केबिनमध्ये लक्ष्मीकांत पेपरवेट फिरवत बसले होते.

"ये, बस. मुलं बरी आहेत?" दार लागलं होतं, म्हणून मराठी.

"बरी आहेत. दादा, माझं नाव कसं काय काढलं?"

"अगं, जरा गडबड झाली. तू नव्हतीस तेव्हा भोपाळहून तपासणी आली अचानक. काउंटरवर कस्टमर खोळंबलेले, तुझी खुर्ची रिकामी, पोर्टलवर अर्ज नाही. त्यांनी मलाच धरलं. म्हणाले, कुणाच्या परवानगीने गेल्या? आता मी काय सांगणार?"

"माझ्या परवानगीने, असं सांगायचं."

लक्ष्मीकांतांनी पेपरवेट थांबवलं. "तसं सांगता येत नाही, शरयू. माझ्यावर आलं असतं. पुढच्या महिन्यात माझं झोनचं प्रमोशन आहे. मी म्हटलं, मॅडम न कळवता गेल्या."

शरयूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न कळवता! पोराच्या अंगात ताप असताना यांच्या अंगणात डाळ वाटत उभी राहिले, तोंडाने विचारलं, फोनवर पुन्हा विचारलं, आणि न कळवता? तिला ओरडायचं होतं.

"घाबरू नकोस," ते पुढे झुकले. "आत्ता एचआरच्या मॅडम येतील व्हिडिओवर. तू फक्त एवढंच म्हण, की मुलं आजारी होती, गोंधळात कळवायचं राहून गेलं, माफ करा. मग मी बोलतो तुझ्या बाजूने. ताकीद देऊन सोडतील. तुझी नोकरी राहील. बात खत्म. आपल्यातलं आपल्यात राहील."

इथे शरयूने काय केलं असतं? पांडुरंगरावांची लेक होती, मूग गिळून "हो" म्हणाली असती. घरभाडं होतं, शाळेची फी होती, दवाखान्याने खिसा रिकामा केला होता. ती "हो" म्हणायला तोंड उघडत होतीच, तेवढ्यात समोरचा स्क्रीन उजळला आणि भोपाळच्या मॅडम बोलायला लागल्या. लक्ष्मीकांत ताठ झाले. मराठी पुसली गेली.

"शरयू जी, ऐसे बिना बताए गायब हो जाना... देखिए, बच्चे तो सबके बीमार होते हैं. हम भी माँ हैं. लेकिन हमने कभी ऑफिस को घर नहीं समझा."

"बिल्कुल, मैडम," लक्ष्मीकांत म्हणाले. "मैं इनको यही समझाता हूँ. ऑफिस घर नहीं है."

त्या "ऑफिस घर नहीं है"ने सगळा हिशेब फिरवला. शरयूने मान वर केली. त्या माणसाच्या तोंडाकडे तिने नीट पाहिलं. लाज नाही, संकोच नाही, पापणीसुद्धा लवली नाही. ज्याने अर्ज केला म्हणून हसून तिला लाजवलं होतं, तो हा माणूस.

"मैडम," ती हिंदीत म्हणाली, आणि आवाज इतका साफ निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं, "मैंने बताया था. सर को, उनके घर पर, सामने खड़े होकर. फिर फोन पर भी. सर ने हाँ कहा था."

"एप्लिकेशन?"

"नहीं डाली. सर को बुरा लगता है. कहते हैं, हम घर के लोग हैं. और मैडम, जब इनकी माताजी की आँख का ऑपरेशन हुआ था, तब भी मैं ऑफिस नहीं आई थी. दिन भर अस्पताल में उनके पास बैठी थी, सर के कहने पर. उस दिन भी कोई एप्लिकेशन नहीं थी. उस दिन मेरी हाजिरी लगी है, देख लीजिए. सर की माँ के पास बैठूँ तो ड्यूटी, अपने बच्चों के पास बैठूँ तो गायब?"

मॅडमांनी चष्मा काढला. "लक्ष्मीकांत जी, ये सही है?"

लक्ष्मीकांत घाम पुसत म्हणाले, "वो, मैडम... वो घर का मामला था."

मॅडमांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या की दोन्ही प्रकरणं बघावी लागतील, शरयूने लेखी म्हणणं द्यावं, किंवा काही गैरसमज झाला असेल तर उद्या तसं कळवावं. तोवर घरी बसावं. पगाराविना, हे त्यांनी अगदी शेवटी, जाता जाता सांगितलं. हम भी माँ हैं म्हणणाऱ्या बाईंना एकदाही मुलं कशी आहेत हे विचारायचं सुचलं नाही.

शरयू बाहेर पडली. काउंटरवरच्या सगळ्यांनी एकदम आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घातलं. तिला त्यांचाही राग आला. घरी जायला सवारी टेम्पोत बसल्यावर स्वतःचा आला, आणि तो सगळ्यांत मोठा होता. तापलेलं पोर टाकून मी खिरापत करायला गेले, मला कुणी बांधून नेलं होतं का? लेक म्हणाले आणि मी विरघळले. फुकटची मोलकरीण मिळत होती, लेक म्हणायला त्यांचं काय जात होतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर चपला वाजल्या. नई सडकेच्या मागच्या गल्लीत, एका दुकानावरच्या दोन खोल्यांत शरयूचं बिऱ्हाड. जिना अरुंद आणि अंधारा. सासूबाई औषध आणायला खाली गेल्या होत्या. शरयूने दार उघडलं तर समोर उषाताई, कठड्याला धरून धापा टाकत. हातात सफरचंदांची पिशवी.

शरयूने पाणी दिलं. रागातसुद्धा तिने आधी पाणीच दिलं. उषाताई खुर्चीत टेकल्या, खोलीभर नजर फिरवली आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "काय करून बसलीस हे? लक्ष्मीकांत काल जेवला नाही. भोपाळवाल्यांनी जुन्या हजेऱ्या मागवल्यात. बिचाऱ्याचं प्रमोशन जाईल."

"माझी नोकरी गेलीय, काकू."

"जात नाही गं. म्हणून तर आले. संध्याकाळपर्यंत फोन करून सांग त्यांना, काल डोकं ठिकाणावर नव्हतं, आजारपणाने परेशान होते, काहीतरी बोलून गेले. माझ्या ऑपरेशनच्या दिवसाचं म्हणशील, तर मीच तुला आपणहून बोलावलं होतं, लक्ष्मीकांतला ठाऊक नव्हतं, असं सांगू. मग तो तुला परत घेईल, त्याने शब्द दिलाय मला. नाही सांगितलंस, तर मात्र त्याच्या हातात काही राहणार नाही. आणि मंडळात लोक काय म्हणतील? घरातलं भांडण हिंदीवाल्यांसमोर नेलंस तू."

"घरातलं कसं? ऑफिस घर नाही, असं दादाच म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले."

"शब्दाला शब्द वाढवू नकोस. तुला मी लेकीसारखं मानलं, शरयू. सारखं कसलं, लेकच मानलं."

"लेक?" शरयूचा आवाज चढला. तिने तो खाली आणायचा प्रयत्नही केला नाही. "लेकीचं घर आज पहिल्यांदा पाहिलंत तुम्ही. एवढी वर्षं तुमच्या पोळ्या लाटल्या, तुमच्या डोळ्यांत थेंब घातले. माझी दोन्ही लेकरं दवाखान्यात एका खाटेवर पडली होती, तेव्हा कुठे होती लेकीची आई? फोन तरी केलात? आणि आज लेकाचं प्रमोशन अडकलं, तर जिना चढून आलात!"

उषाताई दुखावल्या. खरंच दुखावल्या. आपण या मुलीचं भलंच केलं अशी त्यांची मनापासून समजूत होती, आणि अशा समजुतीपुढे माणूस काय डोकं आपटणार? "मुलांसाठीच आलेय ना," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून एक सफरचंद काढून खाटेकडे वळल्या. ध्रुव झोपला होता. प्रांजली भिंतीला टेकून, हाताला सुईची निळी खूण घेऊन, टक लावून बघत होती. उषाताईंनी सफरचंद पुढे केलं. "घे हं बाळ. काय... काय नाव गं तुझं?"

शरयूला वाटलं होतं, रागाने आपल्याला रडू येईल. आलं नाही. सरळ उभी राहून ती बघत राहिली. प्रांजलीने सफरचंद घेतलं नाही. अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही, हे तिला शिकवलेलं होतं.

"आई, या कोण आहेत?" तिने विचारलं.

शरयूने जाऊन जिन्याचं दार पूर्ण उघडलं, उषाताईंच्या चपला त्यांना घालता येतील अशा सरळ केल्या आणि म्हणाली, "कुणी नाही गं. ऑफिसातून आल्यात."